वारस नोंद

खसबच्या बंदरात बकऱ्या पुठ्ठा खातात.
पहाटे येतात त्या, समोरून, इराणातून,
छोट्या बोटींच्या पोटात पाय बांधून,
आणि ऊन कललं की त्याच बोटी
सिगारेटची खोकी प्लास्टिकात गुंडाळून परत जातात.
हे सगळ्यांना माहीत आहे.
कस्टमच्या माणसालाही. तो चहा पितो.

मला माहीत होतं ते एवढंच:
उस्मान सारंग, मूळ दाभोळ, हल्ली ओमान,
बर्फाच्या कारखान्यात फिटर.
रेशनकार्डावर तो सतरा वर्षं जेवत होता.
घरात नव्हता.

बर्फाचा कारखाना कुठे, मी विचारलं.
चहावाला कुंजुमोन कप विसळत राहिला.
इथे बर्फ बाहेरून येतो, म्हणाला,
तू त्याचा कोण?

मी तलाठी आहे.
मेलेल्याच्या नावाला कंस करायचा,
खाली वारसांची नावं लावायची, हे माझं काम.
माझ्या बापाला अजून कंस केलेला नाही.
कागद हवा होता, म्हणून आलो.
निदान आईला तसं सांगितलं.

पोलीस ठाण्यात एक पिशवी मिळाली:
चार पाने, एक स्पार्क प्लग, काच गेलेलं घड्याळ
आणि एक वही, जी गुप्त लिपीत आहे असं समजून
मस्कतला पाठवून परत आणलेली.
उघडली.
लोंबत्या शेपटीचा तो ळ
माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा.
त्या अख्ख्या किनाऱ्यावर हे वाचणारा
तो एकटा होता.
आता मी.

पायरी ४०. हापूस ६.
पायरी ५५. हापूस नाही. पोलीस.

पायरी म्हणजे सिगारेट, ते बंदरावर बसून कळलं.
हापूस म्हणजे काय, ते बलुच तांडेल गफूरने
हवेत बाटली काढून दाखवलं.
रायवळ? मी विचारलं.
तो उठला, जाळं नसलेल्या बोटीत
जाळं शोधत बसला.

रायवळ म्हणजे कुंपणाबाहेरचा.
कलम न केलेला, नाव नसलेला,
झाडं मोजताना ज्याचं झाड मी धरत नाही.
पडला तर पडला.

रायवळ ११ चढले. ७ उतरले.
वारा फार.

पुढे पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलाय.

तारीख मी दोनदा वाचली.
त्याच आठवड्यात घरी चाळीस हजार आले होते,
सतरा वर्षांत एकदाच,
चिठ्ठीशिवाय.
आईचा मोतीबिंदू काढला आम्ही.

मग एकोणीस कोरी पानं, दिवसाला एक,
फक्त तारखा.
आणि शेवटी, नीट अक्षरात:
रायवळ १ चढला.

बोट सापडली ती अर्ध्या वाटेत.
टाकी भरलेली, इंजिन बंद, कुठे बिघाड नाही.
चपला आत, जोडून ठेवलेल्या.
तो फिटर होता, हे तरी खरं निघालं.

अधिकाऱ्याने कुंजुमोनकरवी विचारलं:
काय लिहिलंय?
कुठल्यातरी गावात चार घरं आहेत,
तिथेही रेशनकार्डावर कोणी जेवत असेल.
मी ते सांगू शकत होतो.
पंखा फिरत होता, शिक्का तयार होता.

आंब्यांचा हिशोब, मी म्हणालो.
आमच्याकडे आंबे होतात.

त्याने उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं.
नातं, असा रकाना होता.
मी सही केली.

संध्याकाळी आईचा फोन आला.
काही सापडलं का, विचारलं नाही तिने.
म्हणाली, या वेळच्या तांदळात खडे फार आहेत.
बसलेय निवडत.
दिसतात सगळे.